एक खड्डा, दोन याद्या

२००८ च्या उन्हाळ्यात आमच्या गावात कुठलीही जीप शिरली की गुंडू गवंडी गोठ्यात जाऊन म्हशीच्या पलीकडं बसायचा. त्याची बायको बाळाबाई दारात उभी राहून जीप कुणाची ते बघायची. "दूध संघाची हाय, या भाईर," असं ती म्हणाली की हा अंगावरचा भुसा झटकत बाहेर यायचा. पन्नाशीला टेकलेला माणूस. त्यानं चोरी केली नव्हती, कुणावर हात टाकला नव्हता. पंधरा वर्षांत तीनशे अकरा गोबर गॅस बांधले होते, एवढंच.

मी तेव्हा गावच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवत होतो. गुंडूच्या भानगडीत मी पडलो तो एका पत्रामुळं. पण पत्राच्या आधीचं सांगायला हवं.

भीती त्याच्या अंगात शिरली १९९३ साली. तेव्हा तो पिराजी मिस्त्रींच्या हाताखाली काम करायचा. पिराजी म्हणजे आमच्या भागात जमिनीखालच्या विटांच्या घुमटाची टाकी पहिल्यांदा बांधणारा माणूस. वरून शेण कालवून सोडायचं, आत गॅस तयार होतो, तो नळीनं चुलीपाशी. एका जुन्या टाकीला चीर गेली होती. ती रिकामी करून दोन दिवस झाले होते. सकाळी झाकण काढलं आणि पिराजी बांबूच्या शिडीनं खाली उतरले. गुंडू वर दोर धरून उभा.

"वास मारतोय रं," खालून पिराजी म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "आता न्हाय येत."

हेच ते शेवटचं बोलले. त्या वायूचं तसंच असतं. नाकाला वास कळेनासा झाला म्हणजे तो निघून गेला असं नसतं. पिराजी खाली बसले, मग कलंडले. गुंडूनं बोंब मारली. माणसं पळत आली. पिराजींचा पुतण्या उडी टाकायला निघाला, तर गुंडूनं त्याला कमरेला मिठी मारून धरून ठेवलं. तो पोरगा वाचला. पण पिराजींची बायको सगळ्या गावासमोर म्हणाली, "वर हुबा ऱ्हाऊन बघत हुतास व्हय रं तू?"

तेव्हापासून कुठल्याही जुन्या टाकीत उतरायच्या आधी तो वेताच्या बुट्टीत, म्हणजे टोपलीत, कोंबडी बांधून खाली सोडायचा. घटकाभर बघायचा. कोंबडी धड वर आली तरच उतरायचा. लोक हसायचे. तो हसू द्यायचा.

त्या वर्षांत सरकारची गोबर गॅसची योजना जोरात होती. दरसाल तालुक्याला आकडा ठरवून यायचा, एवढ्या टाक्या झाल्याच पाहिजेत. गुंडूनं आठ दिवसांचं प्रशिक्षण घेतलं, त्याला प्रमाणपत्र मिळालं. प्रमाणपत्रवाल्या गवंड्यानं बांधली तरच टाकीला अनुदान. टाकी पुरी झाली की दाखल्यावर पहिली सही गुंडूची, दुसरी पंचायत समितीतल्या साहेबांची. साहेब वाईट नव्हते. वरून आकड्यासाठी फोन आला की मात्र त्यांचा आवाज बदलायचा. योजनेतली मेख एकच होती. अनुदान टाकी बांधून झाल्यावर मिळायचं. ज्याच्या घरात आधी सिमेंट आणायची ताकद, त्याचीच टाकी व्हायची. बाकीच्यांचं शेण उकिरड्यावर आणि बायका धुरात.

२००६ साली अमरसिंह आला. कोल्हापुरात मंगळवार पेठेत एका कंपनीचं ऑफिस निघालं होतं, तिथला हा तरुण अधिकारी. मोटारसायकल, पाठीला बॅग, बोलायला गोड. त्यानं मारुतीच्या देवळात बायकांना बसवून सांगितलं, "तिकडं युरोपात कारखान्यांना धुराचं माप ठरवून दिलंय. मापाबाहेर धूर सोडला की त्यांनी दुसऱ्या कुणी वाचवलेला धूर विकत घ्यायचा. तुम्ही चुलीत लाकूड जाळायचं थांबवलं की तुमचा धूर वाचला. तो आम्ही त्यांना विकणार. आलेल्या पैशातनं तुम्हाला सिमेंट, पाइप, शेगडी. तेही आधी."

आधी, हा शब्द बायकांनी बरोबर ऐकला. ज्यांना बारा-तेरा वर्षं जमलं नव्हतं त्या घरांतून खड्डे खणायला सुरुवात झाली. प्रत्येक बाईनं एका कागदावर अंगठा द्यायचा: दहा वर्षांच्या वाचलेल्या धुराचा हक्क कंपनीचा.

बाळाबाईला ते पहिल्यापासून पटलं नाही. "धूर काय इकाय येतो व्हय?" ती गुंडूला म्हणाली. "आज धूर लिवून घेतला, उद्या म्हणतील वारं आमचं, परवा म्हणतील जमीन आमची. अंगठा दिला की गेलं." गावात तशी कुजबुज उठलीच. पण सिमेंटची पोती खरी होती. गुंडूनं दीड वर्षात इतक्या टाक्या बांधल्या की त्याला खोकला झाला आणि नखांत शेण कायमचं बसलं.

काम पुरं झालं की अमरसिंह एक कागद पुढं करायचा, गुंडू सही करायचा. आठवड्यानं साहेबांचा शिपाई दुसरा कागद आणायचा, त्यावरही गुंडू सही करायचा. दोन्ही कागद त्याच टाकीचे आहेत हे त्याच्या ध्यानात आलं नाही. सही मागितली की द्यायची, हा त्याचा रिवाज. कंपनीची यादी दणदणीत दिसावी म्हणून अमरसिंहानं पुढं जुन्या, सरकारी अनुदानातल्या टाक्याही तीत घातल्या आणि त्यांच्याही कागदांवर गुंडूच्या सह्या घेतल्या. इकडं साहेबांनी कंपनीच्या सिमेंटच्या टाक्या सरकारच्या आकड्यात बसवल्या. शेवटी तीनशे अकरा टाक्या आणि त्यांच्या दोन याद्या, एक दिल्लीला एका खात्याकडं गेलेली, दुसरी दिल्लीलाच दुसऱ्या खात्याकडं. दोन्हींवर तळाला गुंडूची वळणदार सही.

हे उघड झालं २००८ च्या मार्चमध्ये, कारण कंपनीचं प्रकरण तपासायला बाहेरून माणूस येणार होता. परदेशात विकायचा धूर खरा आहे का हे बघणारी वेगळी संस्था असते, तिची मंजुरी लागते. तिचा सगळ्यात मोठा प्रश्न एकच: हे धुराचे पैसे नसते, तर या टाक्या झाल्या असत्या का? झाल्या असत्या, तर मग वाचलेला धूर कंपनीचा कसा?

अमरसिंह गुंडूच्या घरी आला, सोप्यात बसला. "गुंडूमामा, तपासणीस तुम्हालाच विचारणार. सगळ्या टाक्या तुमच्या हातच्या. एवढंच सांगायचं, कंपनी नसती तर एकबी झाली नसती."

"पर बऱ्याच तर तुम्ही यायच्या आधीच्या हाईत की वो."

"ते कागदावर आम्ही दुरुस्त केलंय. तुम्ही तारखांत पडू नका." मग तो हळू आवाजात म्हणाला, "प्रकरण फसलं तर मागं पंचवीस गावांतनं लोक सिमेंटची वाट बघत बसलेत. ते कुणाच्या दारात येतील? माझ्या ऑफिसला की तुमच्या?"

दोन दिवसांनी साहेबांनी समितीत बोलावलं. दार लोटून घेतलं.

"गुंड्या, त्या तपासणीसाला सांगायचं, सगळ्या टाक्या सरकारच्या योजनेतल्या. माझा आकडा मंत्रालयात गेलाय, विधानसभेत सांगितला गेलाय. तो आता कमी व्हायचा न्हाय."

"साहेब, पर कंपनीनं सिमेंट दिल्यालं..."

"एका टाकीचे दोन दाखले झालेत. याला फसवणूक म्हणतात. चौकशी लागली तर पहिली सही कुणाची?"

गुंडूनं टोपी काढून हातात घेतली.

"कुणाची, बोल की."

"माजी."

"मग नीट बोल म्हणजे झालं. प्रमाणपत्र माझ्या सहीनं चालू हाय तुझं, ध्यानात ठेव."

गुंडू समितीतून चालतच घरी आला, सात मैल. एसटीत बसायचं त्याला सुचलं नाही. त्या रात्रीपासून त्याचं जेवण तुटलं. बाळाबाईनं मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. एकदा तो मला चावडीपाशी भेटला आणि म्हणाला, "मास्तर, फसवणुकीला किती वर्सं पडत्यात?" मला वाटलं गंमत करतोय. मी म्हणालो, "केलीस व्हय कुणाची?" त्याच्या तोंडावरचा रंग बघून गंमत नव्हे हे मला कळलं.

तपासणीस आली ती एक तिशीची बाई. सुष्मिता तिचं नाव, ऑफिस बंगळूरला, माहेर धारवाडकडचं. तिच्याबरोबर अमरसिंह दुभाषा म्हणून, आणि पाव्हणचारासाठी म्हणून साहेबही हजर. पहिल्या तीन घरांत ती इंग्रजीत विचारी, अमरसिंह मराठीत विचारी, बाया बोलत, अमरसिंह इंग्रजीत सांगे. एक म्हातारी दोन मिनिटं हात हलवून बोलली, त्याचं इंग्रजी चारच शब्दांचं झालं. सुष्मितानं वहीतून मान वर करून अमरसिंहाकडं बघितलं.

चौथ्या घरी तिनं गुंडूला विचारलं, "कन्नड बरतदेन री?"

गुंडू दचकला. सीमेपलीकडं संकेश्वर, हुक्केरीला त्यानं तरुणपणी घरं बांधली होती. "बरतद री, स्वल्प स्वल्प," तो म्हणाला. येतं, थोडं थोडं.

झालं. तिनं दोघा साहेबांना हात जोडून देवळाच्या कट्ट्यावर बसायला सांगितलं. साहेब म्हणाले, "मॅडम, ऊन लई हाय, मी थांबतो की इथंच." ती हिंदीत म्हणाली, "म्हणूनच सावलीत बसा." आणि गुंडूला घेऊन परसात टाकीपाशी गेली.

हे पुढचं मला गुंडूनंच सांगितलं. तो टाकीच्या काठावर बसला. तिथून कट्ट्यावरचे दोघं दिसत होते. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे, आता शेजारी बसून इकडंच बघत होते.

"तुमी कुणाच्या?" त्यानं तिला कानडीत विचारलं. "सरकारच्या का कंपनीच्या?"

"कुणाचीच नाही म्हणायचं," ती म्हणाली. "पण माझ्या ऑफिसला पैसे अमरसिंहांचीच कंपनी देते. नियमच तसा आहे. ते तुम्हाला ठाऊक असलेलं बरं."

असं कुणी आपण होऊन सांगितलेलं त्यानं ऐकलं नव्हतं. त्यानं धीर करून विचारलं, "मी खरं सांगिटलं तर मला अटक हुईल?"

"मला माहीत नाही. होणार नाही असं सांगून मी तुम्हाला बोलतं करणार नाही."

गुंडू सांगायचा, त्या वेळी त्याला पिराजींची आठवण झाली. आता न्हाय येत, म्हणालेले. या दोन माणसांच्या बोलण्याचा वास त्यालाही अलीकडं येईनासा झाला होता, आणि तो त्यातच उतरून बसला होता. टाकीच्या कडेला तो ओकला. सुष्मितानं बाटलीतलं पाणी दिलं. तोंड धुऊन तो म्हणाला, "लिवून घ्या."

मग त्यानं सगळी घरं पाठ सांगितली. गाववार, आळीवार. कुणाकडं आधीच विटा पडलेल्या होत्या, कुणी ऊसबिलातनं सिमेंट आणलं होतं, कुणाचा मुलगा मुंबईतनं पाठवायचा. ही घरं कंपनी नसती तरी टाकी बांधणारीच होती. आणि कुणाची बाई पाच-पाच वर्षं वाटेत गाठून म्हणायची, गवंडी, आमचं कवा? ही घरं कंपनीविना झाली नसती. ऊन कलेपर्यंत तो बोलत होता. शेवटी सुष्मितानं बेरीज केली. एकशे सव्वीस टाक्या कंपनीच्या. एकशे पंच्याऐंशी सरकारच्या. कंपनीला हव्या होत्या तीनशे अकरा, साहेबांनाही तीनशे अकरा.

कट्ट्यावरून उठून आलेल्या अमरसिंहानं वहीत डोकावायचा प्रयत्न केला. साहेबांना कानडी येत नव्हतं, पण गुंडूचं तोंड वाचता येत होतं. "भोग आता," ते एवढंच म्हणाले.

आठ दिवसांत मान्यताप्राप्त गवंड्यांच्या यादीतून त्याचं नाव गेलं. अमरसिंहाचा फोन बंद. सरकारी काम नाही, कंपनीचं नाही. आणि मग ते जीपचं सुरू झालं. गुंडूनं एक जुनी पिशवी भरून दाराआड ठेवली, धोतर, टॉवेल, दंतमंजन; तुरुंगात नेऊ देतात का ते त्यानं कुणालातरी विचारून घेतलं होतं. बाळाबाई आजऱ्याची. भावाकडं चला म्हणाली. तो म्हणाला, "पळालो म्हंजे गुन्हा केला म्हणतील." एकदा रस्त्यात वायरमनची खाकी दिसली तर हा ओढ्यात उतरला आणि दुपारपर्यंत तिथंच बसून राहिला.

दिवाळीनंतर दिल्लीहून रजिस्टर पत्र आलं. पोस्टमननं हाक मारली, गुंडूनं दार उघडलं नाही. पत्र गावात तीन दिवस फिरलं आणि पोस्टमननं ते शाळेत मला दाखवलं. मी पोस्टमनला घेऊन गुंडूच्या गोठ्यात गेलो.

"वाचू नका मास्तर," तो म्हणाला. "माजी आई हाय अजून. तिला कळाय नगो."

मी वाचलं. कोर्टाचं नव्हतं. गोबर गॅस आणि धुराचा व्यापार यांचे नियम ठरवायला दिल्लीनं एक समिती नेमली होती, ती कोल्हापुरात बैठक घेणार होती, आणि एका तपासणी अहवालात नाव असलेल्या गवंड्यानं हजर राहावं अशी विनंती होती. मी विनंती हा शब्द तीनदा सांगितला. त्यानं हजर एवढाच ऐकला.

मी त्याच्याबरोबर गेलो. ताराराणी चौकाजवळच्या एका हॉटेलचा हॉल, थंडगार, टेबलांवर बनातीचं हिरवं कापड. गुंडू माझ्या शेजारी मागच्या खुर्चीत, ती पिशवी मांडीवर घेऊन. अमरसिंहही होता, त्याच्या कंपनीच्या मोठ्या साहेबांमागं उभा. मला जेवढं इंग्रजी समजलं तेवढं मी गुंडूच्या कानात सांगत होतो. गोबर गॅसच्या खात्याचे अधिकारी म्हणाले, टाक्या आमच्या योजनेच्या, आमचा आकडा कुणी खाऊ नये. पर्यावरणाच्या खात्याचे म्हणाले, परदेशाचा पैसा दारात आलाय, आपण जास्त अटी घातल्या तर तो चीनला जाईल. कारखानदारांच्या संघटनेचा माणूस म्हणाला, या खेड्यातल्या खड्ड्यांत वेळ घालवू नका, पवनचक्क्या आणि मोठ्या कारखान्यांची प्रकरणं आधी सोडवा. कंपनीचे साहेब म्हणाले, नियम कडक झाला तर आम्ही दुकान बंद करू. प्रत्येकासमोर माइक होता, प्रत्येकाकडं आकडे होते, आणि आकड्यांत गुंडूचे खड्डे दोनदा, तीनदा मोजले जात होते.

"ह्यात माजं नाव घेतलं का?" तो दर थोड्या वेळानं विचारी.

शेवटी अध्यक्षांनी विचारलं, "वो मिस्त्री आये हैं?" गुंडू उठला. पिशवी खाली पडली, दंतमंजनाची डबी घरंगळत टेबलाखाली गेली.

"सायेब," तो हळूच म्हणाला. मग एकदम मोठ्यानं म्हणाला, "खड्डा एकच हाय. पाटी कुणाची लावायची ती तुमी ठरवा. पर ज्येच्याकडं आधी घालाय काय न्हाय, त्येचा खड्डा मोकळाच ऱ्हातो, येवडं बघा. आन मला आत टाकू नका."

मी हिंदीत सांगितलं. शेवटच्या वाक्याला हॉल हसला. अध्यक्ष हसले नाहीत, त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. परतीच्या एसटीत गुंडू निपाणी रस्ता लागेपर्यंत पिशवी मांडीवर घट्ट धरून होता. "हसलं कशापायी मास्तर? ठरवूनच ठेवलं असंल न्हवं?"

कुणी त्याला आत टाकलं नाही. पुढच्या पावसाळ्यात दिल्लीचा कागद आला: एक टाकी एकाच यादीत. एकशे सव्वीस कंपनीच्या, बाकी सरकारच्या. साहेबांचा आकडा कमी झाला, पण तोवर त्यांची बढतीवर बदली झाली होती. कोंडी झाली ती दुसरीकडं. टाक्या एकशे सव्वीस असोत की दहा हजार, परदेशी तपासणीचा खर्च तेवढाच. एवढ्या थोड्या धुरात तो भागेना. मंगळवार पेठेतल्या ऑफिसला कुलूप लागलं. एकशे सव्वीस बायकांना टाक्या मिळाल्या होत्या, त्यांचं काही बिघडलं नाही. पण पुढच्या यादीतली चाळीसेक घरं खड्डे खणून बसली होती.

त्यातली एक तानाबाई, विधवा, एक म्हैस, वरच्या आळीला. तिनं एकटीनं खड्डा खणला होता. सिमेंट आलं नाही. पावसात खड्ड्याच्या कडा ढासळल्या, मग तिनं माती ओढून तो बुजवून टाकला.

गुंडूचं प्रमाणपत्र परत मिळालं नाही. तो गडहिंग्लजला एका ठेकेदाराकडं प्लास्टरच्या कामाला जाऊ लागला. गोठ्यात लपणं बंद झालं, पण वरच्या आळीनं जाणं त्यानं टाळलं. ओढ्याकडून वळसा घालून जायचा. मी एकदा विचारलं तर म्हणाला, "त्या बाईनं काय म्हटलं तर मी काय सांगू? खरं बोललो म्हणून तुजा खड्डा बुजला, असं?"

२००९ च्या थंडीत ओढ्याला पाणी होतं म्हणून एक दिवस त्याला वरच्या आळीनं जावंच लागलं. मी बरोबर होतो. तो मान खाली घालून झपाझप चालला होता.

"आवो गवंडी!" तानाबाई दारातनं ओरडली. गुंडू जागीच थांबला, माझ्या दंडाला धरलं. "बुजल्यावानी कशापायी पळताय? या की, च्या ठेवलाय. मास्तर, तुमीबी या."

आम्ही आत गेलो. ओलं लाकूड, सगळं घर धुरानं भरलेलं. तिनं आमच्यासमोर कपबशा ठेवल्या आणि फुंकणी उचलली. गुंडूच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते धुरानं की कशानं, मी बघायला गेलो नाही.

"सरकून बसा दाराकडं," ती म्हणाली. मग चुलीत तोंड घालूनच तिनं विचारलं, "नवी कायतरी योजना निघणार म्हणत्यात. खरं हाय व्हय?"

"मला कुटलं म्हाईत आक्का," गुंडू म्हणाला. "माजं नाव न्हाय आता कुटल्या यादीत." तिनं ओतलेला चहा त्यानं दोन घोटांत संपवला. मग म्हणाला, "खड्डा कुठं हुता तुमचा? दावा तरी मला."

दोघं परसात गेले. मी चहा संपवत बसलो. बाहेरून त्याचा आवाज येत होता, पावलांनी माप घेत तो आकडे म्हणत होता.